प्युजो ३०९ प्रोजेक्ट म्हणून घ्यावी का? (नाशिक, डिझेल, बरीच वर्षं उभी असलेली)

टर्बो_नसलेला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला ओळखीतल्या एका बंगल्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये प्युजो ३०९ उभी आहे. दीड लिटर डिझेल, ९६ चं रजिस्ट्रेशन, एमएच १५, पहिल्यापासून एकाच घरात. ज्यांनी घेतली ते आजोबा आता नाहीत, आजी आहेत आणि मुलगा पुण्यात असतो. बंगला बिल्डरला द्यायचं ठरलंय म्हणून शेड रिकामी करायची घाई आहे. भंगारवाला सतरा हजार देतोय, आजी म्हणाल्या तू पंचवीस दे आणि घेऊन जा, पण तोडणार नाहीस एवढं कबूल कर.

मी बघून आलो. बॅटरी मेलेली, टायर बसलेत, आतलं कापड मात्र चांगलंय, डॅशबोर्डला एक तडा नाही. मागची दोन्ही चाकं फेंगडी दिसतात म्हणजे वरून आत आणि खालून बाहेर. इंजिनाचं कोणालाच नक्की सांगता येत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे मालेगावकडचा एक मित्र म्हणतोय रेनॉ डॉफिनचा सांगाडा आहे, इंजिन नाही, कागद नाहीत, पण दिसायला कसली भारी गाडी राव. बजेट सगळं मिळून अडीच लाख, तेही हळूहळू, कारण घरी अजून सांगितलेलं नाही. नोकरी अंबड एमआयडीसीत आहे, रविवार मोकळा असतो आणि जेवढं जमेल तेवढं स्वतःच्या हाताने करायचंय. बोला, काय करू?

मखमलाबादकर

भाऊ त्या पैशात चांगली सेकंडहँड स्विफ्ट येते. उगाच डोक्याला ताप.

टर्बो_नसलेला

स्विफ्ट आहे की घरी. तिचं बॉनेट उघडून रविवार घालवावा असं कधी वाटलं नाही.

जुना_फोरमन

डॉफिन विसरा. गाडी म्हणून वाईट नाही, ५६ ते ६७ एवढी वर्षं बनली, वीस लाखांच्या वर खपली, मागे बसवलेलं ८४५ सीसीचं, पाण्याने गार होणारं छोटं इंजिन, आमच्या लहानपणी एखादी दिसायची. पण तुमच्याकडे नेमकं इंजिनच नाही, आणि त्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं मागे एकाच गाठोड्यात असतं, ते गाठोडं गेलं म्हणजे उरला फक्त पत्रा. इथे मिळणारं दुसरं कुठलंही इंजिन त्यात सरळ बसत नाही. शिवाय कागद नाहीत. शोपीस म्हणून अंगणात ठेवायची असेल तर आणा.

३०९ ची गोष्ट वेगळी आहे, सविस्तर रात्री लिहितो.

पेठरोड_रिटर्न

फोरमन काकांना अनुमोदन. कागदांबद्दल मी लिहिते, बाबांच्या पद्मिनीसाठी पेठ रोडच्या आरटीओच्या इतक्या चकरा मारल्यात की तिथला चहावालासुद्धा ओळखतो.

डॉफिन पन्नास वर्षांवरची आहे त्यामुळे २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' असलेला वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला वीस हजार फी, दहा वर्षं चालते. पण ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं एवढंच. आणि मुळात गाडी मूळ रूपात पाहिजे आणि मालकी दाखवता आली पाहिजे. कागदच नसलेला सांगाडा घेऊन तिथे गेलात तर पहिल्याच टेबलावरून परत.

३०९ व्हिंटेजमध्ये बसत नाही, तिला साधा रिन्यूअलचा रस्ता. त्यात तीन गोष्टी आधी बघा, म्हणजे पंचवीस हजार द्यायच्या आधी. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक आजोबांच्या नावावर असेल तर सरळ तुमच्या नावावर होत नाही, आधी वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म ३१ आणि मुलाची संमती, मग २९ आणि ३० वर सह्या घेऊन तुमच्या नावावर. दुसरं म्हणजे ऑनलाइन वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा गाडी दिसते का, जुनी हिरवी पुस्तकं कंप्युटरवर चढलेलीच नसतात कधीकधी, मग बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्यात महिने जातात. तिसरं, रिन्यूअल शेवटचं कधी झालंय. पंधरा वर्षांनी एकदा आणि मग दर पाच वर्षांनी लागतं. २०२२ पासून उशिराच्या प्रत्येक महिन्याला पाचशे रुपये जास्तीचे, आणि वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फीच गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, दहा हजार झाली. वर पर्यावरण कर. म्हणजे बजेटमधले चाळीस-पन्नास हजार आत्ताच बाजूला काढा, स्पॅनरला हात लावायच्या आधी.

टर्बो_नसलेला

ताई हे फार कामाचं. पोर्टलवर आत्ताच बघितलं, गाडी दिसतेय. रिन्यूअल एकदा झालेलं आहे, पुढचं राहिलंय.

पेठरोड_रिटर्न

दिसतेय ना, मग अर्धी लढाई झाली. आता आजी आहेत तोवर सह्या घ्या. आणि चॅसी नंबर पत्र्यावर स्वतः बोटाने घासून वाचा, पुस्तकाशी जुळवा, फोटो काढून ठेवा. तिथे गंज असेल तर पेंटरला सक्त ताकीद, त्या जागेवर ग्राइंडर चालवायचा नाही.

जुना_फोरमन

हं, आता ३०९.

ही गाडी मुळात प्युजो म्हणून जन्मली नाही. टॅलबॉट या प्युजोच्याच दुसऱ्या ब्रँडच्या नावाखाली यायची होती, ऐनवेळी ते नाव बंद करायचं ठरलं आणि ८५ मध्ये हिच्यावर प्युजोचा सिंह लागला. प्युजोचीच ३०५ अजून बाजारात होती म्हणून ३०६ म्हणता येईना, म्हणून मधले आकडे सोडून ३०९. चारही दारं प्युजोच्याच २०५ ची आहेत, तीच उचलून लावलीत. आपल्याकडे नव्वदीच्या मध्याला पद्मिनीवाल्या प्रीमियरने प्युजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात बनवली, चौदाशेचं पेट्रोल आणि पंधराशेचं डिझेल, आणि थोड्याच वर्षांत भागीदारी मोडली. म्हणजे गाड्या कमी, त्यात तोडलेल्या जास्त.

आता कामाचं ऐका. तुमचं डिझेल म्हणजे १५२७ सीसीचं टीयूडी ५. हेच इंजिन प्युजोकडून घेऊन मारुतीने झेन डिझेल आणि एस्टीम डिझेलमध्ये घातलं होतं. त्यामुळे रिंग, बेअरिंग, हेड पॅकिंग, टायमिंग बेल्ट, वॉटरपंप हे मागताना दुकानात प्युजो हा शब्दच काढू नका, दुकानदार हात वर करतो. झेन डीचं द्या म्हणा. फक्त जुना नग हातात घेऊन जा, बाहेरची ब्रॅकेटं आणि फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते) वेगळी आहेत, आतलं सामान जुळतं.

सुरू करायची घाई करू नका, हे शंभरदा सांगतो. पोरं काय करतात, नवी बॅटरी लावतात आणि चावी फिरवतात. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो, आणि तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो. एवढी वर्षं एकाच घडीत बसलेला बेल्ट पहिल्या झटक्यात दात सोडू शकतो. आधी हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. सहज फिरलं तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदला, टाकी उतरवून धुवा, नवा फिल्टर, आणि मगच स्टार्टर. हाताने फिरत नसेल तर जोर करू नका, इथे लिहा.

लेथवाला_अंबड

मागची चाकं फेंगडी म्हणजे बीम, म्हणजे मागचा आडवा अ‍ॅक्सल गेला. २०५, ३०९, ३०६ सगळ्यांचा हा ठरलेला आजार आहे. मागे स्प्रिंगच नाहीत त्या गाडीला, त्यांच्याऐवजी पिळ घेणाऱ्या आडव्या सळ्या, म्हणजे टॉर्शन बार आहेत. चाकं धरणारे दोन हात असतात आणि ते आडव्या नळीतल्या शाफ्टवर नीडल (सुयांच्या) बेअरिंगवर हलतात. सील सुकलं की पाणी आत जातं, बेअरिंगच्या सुया गंजतात, मग त्या शाफ्टला खातात, हाताला खेळ येतो आणि चाक झुकतं. लोक कॅम्बर (चाकाचा झुकाव) अलाइनमेंट करायला नेतात, तिथे फिरवायला काही नसतंच, अलाइनमेंटवाला बिचारा पैसे घेऊन गप्प बसतो.

युरोपात तयार बीम एक्स्चेंजमध्ये मिळतात, इथे ते होणे नाही. पण नाशिकमध्ये बसून त्याची चिंता करायची म्हणजे कमालच. अंबड सातपूरला गल्लीगल्लीत लेथ, ग्राइंडिंग, इंडक्शन हार्डनिंग. शाफ्ट नवा बनवायचा, हार्ड करून ग्राइंड करायचा, बेअरिंग मापाने शोधायचं, सील नवीन. गॅरेजवाला म्हणेल जुना शाफ्ट वेल्डिंगने भरून टर्न करून देतो, अजिबात ऐकू नका, वर्षाच्या आत परत तिथेच याल.

एक महत्त्वाचं. टॉर्शन बार बाहेर काढण्याआधी त्याची आणि हाताची खूण पंचने मारून ठेवा. दोन्ही टोकांना दाते आहेत आणि गाडीची मागची उंची त्या दात्यांवरच ठरते. खूण नसेल तर एक बाजू वर एक बाजू खाली असं बसतं आणि परत सगळं उघडा.

टर्बो_नसलेला

दादा तुम्ही माझ्या कंपनीपासून दोन प्लॉट सोडून असाल बहुतेक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कल्याणकर_९०

वाचतोय. अवांतर : नाशिककरांनी फ्रेंच गाड्यांना परकं म्हणूच नये. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपमधलं डिझेल प्युजोचंच होतं आणि रेनॉची लोगन तर २००७ पासून नाशिकलाच बनत होती. आमच्या कल्याणात फक्त ३०९ चं नाव झालं.

जुना_फोरमन

बरोबर. एक्सडीपी ४.९० म्हणायचे त्या जीपच्या इंजिनाला, २११२ सीसी. नांगराला जुंपलं तरी चालेल असं इंजिन. पण ते ३०९ च्या कामाचं नाही हो, कोणी गॅरेजवाला 'प्युजोचंच आहे, बसवून देतो' म्हणाला तर तिथून निघा.

विजेवर_चालतो

डिझेल काढून इलेक्ट्रिक किट टाका, कटकट संपली.

पेठरोड_रिटर्न

मान्यताप्राप्त किट त्या मॉडेलसाठी असलं पाहिजे, नाहीतर आरसीवर नोंद होत नाही. ३०९ साठी कोण बनवणार?

टर्बो_नसलेला

(अपडेट)

घेतली. आजींनी सह्या केल्या, मुलगा पुण्याहून आला होता त्याच्याही घेतल्या, वारसाच्या नावावर होऊन मग माझ्या नावावर असं चाललंय. टोइंग करून घरी आणली, म्हणजे घरच्यांना कळलंच. आई म्हणाली बाबांची लॅम्ब्रेटा अजून गच्चीखाली पडलीय ती आधी बघ. बायको अजून काही बोललेली नाही, ते जास्त काळजीचं आहे.

इंजिन काकांनी सांगितलं तसंच केलं, ऑइल सोडून ठेवलं आणि हाताने फिरलं! अगदी सहज नाही पण फिरलं. बेल्टवर दोन ठिकाणी चिरा, टेन्शनर जाम, म्हणजे चावी फिरवली असती तर कार्यक्रम होता. टाकीतून जे निघालं त्याला डिझेल म्हणवत नाही, काकवीसारखं काहीतरी. पंप आणि नोझल द्वारका सर्कलजवळच्या एका डिझेल पंपवाल्याकडे दिलेत.

पत्रा बघितला. पेंटरने सांगितलं तसं चुंबक फिरवून बघितलं, डाव्या मागच्या कमानीत पुट्टी आहे, बाकी सगळीकडे चिकटतो. दोन्ही बाजूंचे दारांखालचे सिल हाताने दाबले तर घट्ट. सामान ठेवायच्या जागेत ओल येऊन एक भोक पडलंय. मुंबईची गाडी असती तर एवढं शाबूत मिळालं नसतं असं तोच म्हणाला.

जुना_फोरमन

शाब्बास. पंपवाल्याला टायमिंगची खूण दाखवून बसवायला सांगा. आणि पाणी भरताना लक्ष ठेवा, या इंजिनात हवा अडकते. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि हीटरच्या पाइपवर हवा काढायचे स्क्रू आहेत, ते उघडे ठेवून सावकाश भरायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. काटा मधे दाखवतो आणि हेड आतून तापत असतं, मग पॅकिंग जातं आणि लोक इंजिनाला शिव्या देतात. साधं पाणी नको, कूलंटच घाला, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

मखमलाबादकर

टायरचं काय केलं? तेरा इंची ना?

टर्बो_नसलेला

हो तेरा इंची, टायर मिळतात, प्रश्न रिमचा आहे, दोन रिम वाकड्या आहेत. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात विचारलं तर तिथला म्हणे प्युजो म्हणजे काय, सायकल का?

लेथवाला_अंबड

फोर्ड आयकॉनच्या रिम बघा. चार बोल्ट आणि १०८ मिमीचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), दोन्हीकडे सारखं. फक्त मधलं भोक आयकॉनचं ६३.४ मिमी आणि तुमचं ६५.१, तेवढं बोअर करून मिळेल, अर्ध्या तासाचं काम. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) मात्र मोजून घ्या, आणि बोल्टची सीट, म्हणजे बोल्ट रिमवर टेकतो ती जागा, जुळते का ते बघा, नुसतं बसतंय म्हणून आवळू नका. पण बीम आधी करा हो. फेंगड्या चाकावर नवे टायर म्हणजे आतली कड महिन्यात साफ.

सिल्व्हर_ओक_वाला

माझं मत जरा वेगळं. आयकॉनच्या रिम, झेनचं सामान, अंबडचा शाफ्ट, मग त्यात प्युजो काय राहिलं? रिस्टोरेशन म्हणायचं तर मूळ पार्ट मागवा, फ्रान्स इंग्लंडमध्ये २०५ ३०९ चे क्लब आहेत, पार्ट मिळतात.

लेथवाला_अंबड

मागवा की. पोस्टेज आणि कस्टम तुम्ही भरा, बसवायचं आमच्याकडे.

जुना_फोरमन

दोघांचंही खरं आहे. जे दिसतं आणि हाताला लागतं ते मूळ ठेवावं, मागच्या झाकणाची काच, लाइटी, डॅश, दाराच्या कड्या, हे एकदा गेलं की गेलं, आणि यातलं काही फुटलं तरच बाहेरून मागवायचं. आत फिरणाऱ्या झिजणाऱ्या वस्तूला कुठलं कूळ आणि कुठलं गाव. झेनचं म्हणताय तेही इंजिन प्युजोचंच आहे. आणि शाफ्टला माप कळतं, देश कळत नाही.

टर्बो, २०५ ची दारं हिला लागतात हे लक्षात ठेवा, परदेशातून कोणी ओळखीचं येणार असेल तर काचेची रबरी बीडिंग, दाराचे रबर अशा हलक्या गोष्टी २०५ च्या नावाने मागवा, जास्त सहज मिळतील.

टर्बो_नसलेला

(अपडेट)

बीम झाला. दादांनी शाफ्ट बनवून दिला, पैसे घ्यायला तयार नव्हते, बळंच दिले. डाव्या बाजूचा जुना शाफ्ट बघून कोणाचा विश्वास बसणार नाही, सुयांनी खोबणी पाडलीय त्यात. बीमचा हात प्रेसवर निघता निघेना, गरम करून हाणा म्हणत होते सगळे पण दादांनी नाही म्हटलं, डिझेल आणि गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी निघाला. खुणा मारलेल्या म्हणून उंची एका झटक्यात दोन्हीकडे सारखी.

आणि इंजिन सुरू झालं. पंप बसवल्यावर हवा काढता काढता बॅटरी दोनदा उतरली, मग शेजारच्या काकांच्या बोलेरोवरून केबल लावली. पहिला धूर एवढा निघाला की वरच्या मजल्यावरून विचारणा आली. पण नंतर धूर कमी झाला, टकटक बसली, आवाज झेन डीचाच, डोळे मिटून ऐकला तर फरक कळणार नाही. बायको खाली येऊन बघून गेली, म्हणाली सीटा चांगल्या आहेत.

आता अडचण गिअरची. इंजिन बंद असताना सगळे पडतात, पण चालू असताना दुसरा टाकला की दांडा एकदम सैल होतो, काहीच लागत नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

जुना_फोरमन

अजिबात नको. बॉक्सला कोणी हात लावू देऊ नका. खाली वाकून गिअरच्या दांड्यापासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या बघा, टोकाला प्लास्टिकच्या वाट्या असतात आणि त्या गोळीवर दाबून बसवलेल्या असतात. वाटी झिजली की गोळीवरून निसटते. सापडेल तुम्हाला लोंबकळताना.

टर्बो_नसलेला

काका सापडली! लोंबकळतच होती. तात्पुरती तारेने बांधलीय.

लेथवाला_अंबड

तार काढा राव, भर रस्त्यात न्यूट्रलमध्ये अडकाल. सळी घेऊन या, टोकाला मापाचा बॉल जॉइंट थ्रेड करून लावू.

पेठरोड_रिटर्न

रंगाचं काय ठरवलंय? मूळ रंग सोडणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर पासिंगला गाडी नेल्यावर पुस्तकात एक रंग आणि समोर दुसरा. आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून मगच न्या.

टर्बो_नसलेला

मूळचाच, पांढरा. पोरगी लाल म्हणते पण ताई तुमचे चकरांचे किस्से वाचून हिंमत नाही.

जुना_फोरमन

रंग सर्वात शेवटी. त्याआधी ब्रेक. एवढी वर्षं उभी म्हणजे मागचे व्हील सिलिंडर गळणार आणि रबरी होज आतून फुगलेले असणार, बाहेरून कितीही चांगले दिसू देत. चारही होज, मास्टर सिलिंडरची किट, सगळं ऑइल नवीन, आणि बीम उतरवला तेव्हा मागच्या लोखंडी नळ्या वाकवल्या असतील त्या बघा, तिथेच चिरतात. हे होईपर्यंत कॉलनीच्या गेटबाहेर काढायची नाही.

टर्बो_नसलेला

बरं काका. होज झेनचे चालतील का?

जुना_फोरमन

नाही चालणार, थ्रेड वेगळे. जुने चारही काढून पिशवीत घाला आणि सारडा सर्कलला होज प्रेस करून देणारे आहेत त्यांना दाखवा, ब्रेकचा होज आहे हे आधी सांगा, हायड्रॉलिकचा कुठलाही पाइप कापून देतील नाहीतर. मी शनिवारी तिकडेच असतो, फोन करा.